क्रिकमारचे बावीस वादक

हेरिंग मासे डब्यात भरायचं काम मी तीन वर्षं केलं. मग एक दिवस आमच्या कारखान्याचे मालक तेओदुलसाहेब आमच्या रांगेपाशी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "तुमच्यापैकी इंग्रजी कुणाला येतं?"

मी हात वर केला. हाताला खवले चिकटलेले होते. त्याआधी इंग्लंडात, हेस्टिंग्जच्या एका लहानशा हॉटेलात मी चार वर्षं बिछाने घातले होते. त्यामुळे 'गरम पाणी संपलं' आणि 'कुत्र्यांना परवानगी नाही' ही दोन वाक्यं मला फार सफाईने म्हणता येत. तेओदुलसाहेबांना तेवढं पुरलं. दुसऱ्या दिवसापासून मी रेडिओत गेले.

रेडिओ म्हणजे कारखान्याच्या जाळ्यांच्या कोठारावरचा माळा. भिंतींना जुनी शिडं ठोकलेली, जमिनीवर साहेबांच्या आईच्या दिवाणखान्यातला गालिचा, मधोमध मायक्रोफोन आणि कोपऱ्यात दोन ग्रामोफोन. कड्यावर उभा केलेला मनोरा साहेबांनी हौसेपोटी बांधला होता. बायको त्याला 'तुमची दुसरी' म्हणायची. पण १९३३ साली एका इंग्रज कंपनीने त्यांचा रविवारच भाड्याने घेतला. तिकडे इंग्लंडात रविवारी रेडिओवर दिवसभर प्रवचनं आणि व्याख्यानं, आणि जाहिरातीला तर कुठल्याच दिवशी बंदी. इंग्लिश खाडीच्या अलीकडून आमचा आवाज मात्र तिथे स्वच्छ पोचायचा. म्हणून ज्याला इंग्लंडात काही विकायचं असेल त्याने फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर आमच्या क्रिकमारला येऊन ओरडायचं, असा तो धंदा होता.

ओरडायचं काम मिस्टर थ्रॉसल करायचे. वय सव्वीस, काठीसारखे उंच, कोटाची कोपरं झिजलेली. आधी जुन्या मोटारी विकायचे. आवाज मात्र असा की ऐकणाऱ्याने तो पावाला लावून खावा. रविवारी दुपारी तीन ते चार 'बॅग्ली कस्टर्ड पावडर'चा कार्यक्रम असे. थ्रॉसल बोलायचे, मी रेकॉर्डी बदलायचे.

पहिले दोन रविवार ते सरळ म्हणाले, "आता ऐका एक रेकॉर्ड." तिसऱ्या रविवारी बाहेर धुकं होतं, माळ्यावर माशांचा वास भरला होता, आणि थ्रॉसल कंटाळले होते. मायक्रोफोनपुढे तोंड नेऊन ते एकदम म्हणाले, "श्रोतेहो, आपण आहोत क्रिकमारच्या भव्य कॅसिनोत. दिवे मंद होताहेत. माएस्त्रो ओक्ताव्ह आपल्या बावीस वादकांसह मंचावर येताहेत!" आणि माझ्याकडे बघून त्यांनी टाळ्या वाजवायची खूण केली.

मी वाजवल्या. पायही आपटले, म्हणजे जरा गर्दी वाटावी. त्या दिवसापासून दर रविवारी दोनशे रसिकांचं काम मी एकटीने केलं.

कॅसिनो आमच्या गावात होता, नाही असं नाही. समुद्राकाठची लाकडी खोली. उन्हाळ्यात तिथे सोडत निघायची, हिवाळ्यात होड्या ठेवायचे.

मग पत्रं यायला लागली. माएस्त्रोंचे डोळे कोणत्या रंगाचे? त्यांचं लग्न झालंय का? थ्रॉसल प्रत्येक पत्राला उत्तर द्यायचे आणि दर उत्तरात माएस्त्रो थोडे थोडे मोठे व्हायचे. त्यांना रुपेरी केस आले, कपाळावर एक बट आली, हंगेरियन आई आली. मैफलीआधी ते बॅग्ली कस्टर्डची एक वाटी सोडून कशालाही शिवत नाहीत, हेही ठरलं.

हे कस्टर्ड आमच्या गावात कुणी खाल्लं नव्हतं. थ्रॉसल ज्यांच्या खानावळीत राहायचे त्या मादाम ओझेन स्वैपाकात अख्ख्या जिल्ह्यात नावाजलेल्या. थ्रॉसलनी मोठ्या प्रेमाने त्यांना एक डबा दिला. मादामनी झाकण उघडून वास घेतला.

"यात अंडं कुठाय?"

"अंडं नाहीच, मादाम. तीच तर गंमत आहे."

"मग हे काय भिंतीला लावायचं?" असं म्हणून त्यांनी डबा परसात ठेवून दिला.

मार्चच्या शेवटी कंपनीचं पत्र आलं. थ्रॉसलनी ते उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं, मग माझ्या हातात दिलं आणि खिडकीपाशी जाऊन कड्याकडे बघत राहिले. कस्टर्डच्या झाकणांची स्पर्धा झाली होती. जिंकलेले चाळीस श्रोते एप्रिलच्या तिसऱ्या रविवारी बोटीने क्रिकमारला येणार होते. कॅसिनोत बसून माएस्त्रो ओक्ताव्ह यांना प्रत्यक्ष ऐकणार होते. सोबत खुद्द मिस्टर बॅग्ली.

"मिस झेली," थ्रॉसल म्हणाले, "इथून बोट कुठे कुठे जाते?"

"न्यूफाउंडलंडला. कॉड मासे धरायला."

"किती दिवस?"

"सहा महिने. पण तुम्हाला चढूसुद्धा देणार नाहीत, तुमचे हात बघा."

पळून जाणं जमण्यासारखं नव्हतं. खरं सांगितलं तर कार्यक्रम बंद, थ्रॉसल परत मोटारी विकायला आणि मी परत हेरिंगपाशी. म्हणून मी त्यांना किबेल न्हाव्याकडे घेऊन गेले.

आन्सेल्म किबेल आमच्या गावच्या बँडचे प्रमुख. तीस वर्षं ते कॉर्नेट फुंकत होते. माणूस बुटका, टक्कल चकचकीत आणि छाती बोलताना पुढे यायची. मी त्यांना सगळं सांगितलं. थ्रॉसलचं फ्रेंच पाव मागण्यापुरतंच होतं, त्यामुळे ते खुर्चीत गालाला फेस लावून नुसते मान हलवत होते.

"तुमच्या बँडला काय काय येतं?" मी विचारलं.

"राष्ट्रगीत. अंत्ययात्रेचं. आणि अग्निशामक दलाचं कूचगीत."

"नाचण्याजोगं काही?"

"कूचगीतावर लोक नाचलेत की."

"कधी?"

किबेलनी वस्तरा फडक्याला पुसला. "चुन्याच्या भट्टीला आग लागली होती तेव्हा. नाच नव्हता म्हणा, धावपळ होती."

मग मी बेत सांगितला. पडद्यामागे ग्रामोफोन आणि मोठा कर्णा. पुढे बँड. वाद्यं तोंडाला लावायची, बोटं हलवायची, आवाज काढायचा नाही.

किबेलनी वस्तरा खाली ठेवला. "म्हणजे मी फुंकल्याचं नुसतं सोंग करायचं? अगं पोरी, मी कलाकार आहे. दुकानाच्या काचेतला बाहुला नाही."

थ्रॉसलना शब्द कळले नसतील पण सूर कळला. त्यांनी खिशातून पत्रांचा गठ्ठा काढला आणि मला एक वाचायला लावलं. साउदॅम्प्टनच्या एका विधवेने लिहिलं होतं की माएस्त्रोंचं वादन ऐकताना तिला इस्त्री बाजूला ठेवावी लागते, नाहीतर कपडे जळतात.

किबेलनी ऐकून घेतलं. आरशात बघितलं. "अशी किती पत्रं आहेत?"

"तीनशे बारा."

"त्या माएस्त्रोचे केस कसे म्हणालात?"

"रुपेरी. कपाळावर बट."

"बट," किबेल विचार करत म्हणाले. "खणात माझ्या सासऱ्यासाठी केलेला टोप पडलाय. सासरा तो घालायच्या आतच गेला."

बारा दिवस तालीम झाली. बँडमधले सतरापैकी चार समुद्रावर होते, म्हणून कारखान्यातल्या सहा बायका काळे झगे घालून व्हायोलिन धरून बसल्या. गेल्या वर्षी आत दारू लपवून आणली म्हणून जप्त केलेलं एक दांडगं सारंगीसारखं वाद्य कस्टम्सच्या शिपायाने सरकारी गोदामातून आणलं, आणि ते दुसऱ्याच्या हाती द्यायला नियमात बसत नाही म्हणून स्वतःच धरून उभा राहिला. चर्चचा घंटावाला आणि शिंप्याचा भाऊ मिळून बावीस भरले. सगळ्यांत मोठं पितळी वाद्य पाव भाजणाऱ्या लुबेनकडे होतं. फुंकायचं नसल्यामुळे त्याला दर तालमीत झोप लागायची. ग्रामोफोन तेओदुलसाहेबांनी स्वतःकडे घेतला. "माझं यंत्र, मीच बघणार," म्हणाले.

रविवारी साडेअकराला दिएपच्या बंदरावरून बस आली. चाळीस इंग्रज उतरले, त्यांत एकतीस बायका. सर्वांत शेवटी मिस्टर बॅग्ली. लालबुंद चेहरा, जाकिटाची बटणं ताणलेली, दोन्ही काखांत कस्टर्डचे डबे. ते थेट मादाम ओझेनच्या खानावळीत गेले आणि डबे टेबलावर ठेवून मला म्हणाले, "जेवणानंतर सगळ्यांना माझं कस्टर्ड हवं. बाईंना सांग."

मी सांगितलं. मादामनी डबे उचलले, गोड हसल्या आणि आत गेल्या. त्यांचं ते हसू मला ठाऊक होतं.

जेवण झालं. सफरचंदाच्या फोडींवर दाट पिवळं काहीतरी ओतून आलं. बॅग्लींनी चमचा तोंडात घातला आणि डोळे मिटले. मग उभेच राहिले.

"मंडळी! तीस वर्षं मी हे विकतोय, पण असं कधी खाल्लं नव्हतं. ही माझी पावडर! नीट ढवळलं की अशी होते! त्या बाईंना बोलवा, मला त्यांचा हात हातात घ्यायचाय."

मादाम बाहेर आल्या. आपल्याला शाबासकी कशाबद्दल मिळतेय, हे त्यांनी मला विचारलं. मी जमेल तेवढं हळू सांगितलं. त्यांचा चेहरा बॅग्लींपेक्षा लाल झाला.

"त्याची पावडर? या माणसाला सांग, ती पिवळी भुकटी मी कोंबड्यांना घातली, आणि कोंबड्यांनीसुद्धा तोंड फिरवलं!"

सगळं टेबल माझ्याकडे बघत होतं.

"मादाम म्हणतात," मी इंग्रजीत म्हटलं, "पावडर इतकी छान आहे की त्यांनी ती कोंबड्यांनाही दिली."

"कोंबड्यांना?"

"आमच्याकडे रीत आहे. आवडत्या पाहुण्याने काही आणलं की घरातल्या सगळ्या जिवांना थोडं थोडं द्यायचं."

"छत्तीस अंडी घातलीत मी यात!" मादाम टेबलावर हात आपटून ओरडल्या. "छत्तीस! आणि व्हॅनिलाच्या चार शेंगा!"

"छत्तीस जणांनी दुसऱ्यांदा मागून घेतलं, असं म्हणताहेत."

बॅग्लींनी वही काढून आकडा लिहून घेतला. टेबलाच्या टोकाला बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईने मात्र तोंडावर रुमाल दाबला आणि तिचे खांदे हलायला लागले. त्या होत्या मिस पिलबीम, या श्रोत्यांच्या मंडळाच्या अध्यक्ष. मला वाटलं ठसका लागला. पाणी घेऊन गेले.

"ठसका नाही गं," त्या फ्रेंचमध्ये म्हणाल्या. अस्खलित फ्रेंच. "मी एकतीस वर्षं शाळेत फ्रेंच शिकवलंय. तुझं भाषांतर फार मोकळं आहे."

मी पेला त्यांच्यापुढे ठेवून मागे सरले.

जेवण आटोपून मंडळी समुद्राकाठाने कॅसिनोकडे निघाली तेव्हा मिस पिलबीमनी माझा हात धरला आणि आम्ही दोघी मागे राहिलो. मी मनात म्हटलं, आता सगळं संपलं. तेव्हा स्वतःच सांगून टाकावं.

"बाई, कोंबड्यांचंच खोटं नाही. आणखीही आहे."

"रेकॉर्डींचं म्हणतेस?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"अगं, त्यातल्या अकरा रेकॉर्डी माझ्या घरी आहेत. आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात. बावीस वादक दर रविवारी त्याच जागी तशीच चूक कशी करतील? आणि तुमच्या त्या दोनशे रसिकांत टाळ्या वाजवणारी एकच बाई आहे. तिच्या उजव्या बुटाची टाच सैल आहे." त्यांनी काठीने माझ्या बुटाकडे बोट केलं. "बदलून घे. पडशील."

"सगळ्यांना ठाऊक आहे?"

"चाळीसच्या चाळीस जणांना. आमच्यात पैजा लागतात, आज टाळ्यांवाली किती वेळा शिंकणार म्हणून. फक्त बॅग्लींना ठाऊक नाही. ते गाडीत सारखे त्या माएस्त्रोबद्दल बोलत होते. त्यांना कळलं तर ते रागावून कार्यक्रम बंद करतील. म्हणून आम्ही ठरवूनच आलोय, त्यांना कळू द्यायचं नाही."

"पण बाई, खोटं आहे हे ठाऊक असून तुम्ही ऐकता कशाला?"

त्या थोडं चालल्या, मग म्हणाल्या, "शाळेची नोकरी संपल्यापासून रविवारची दुपार फार मोठी झालीये. तीन वाजता माझ्या खोलीत कुणीतरी टाळ्या वाजवतं. मला आवडतं ते." आणि लगेच, "चल, उशीर झाला तर तुझ्या बावीस जणांना घाम फुटेल."

घाम फुटलाच होता. होड्या हलवल्या होत्या, पण डांबराचा वास तसाच. मंचावर बावीस जण आणि मागे लाल पडदा. तो तेओदुलसाहेबांच्या दिवाणखान्याचाच. थ्रॉसल मायक्रोफोनपाशी उभे, कारण हे सगळं एकीकडे इंग्लंडलाही जात होतं. ठीक तीनला त्यांनी नाव पुकारलं आणि किबेल आत आले. रुपेरी टोप, कपाळावर बट. बट इतकी खाली आली होती की त्यांना एकाच डोळ्याने दिसत असावं. चाळीस जणांनी टाळ्यांचा कडकडाट केला. बॅग्लींचे डोळे भरून आले.

किबेलनी छडी उचलली. पडद्यामागून वॉल्ट्झ सुरू झाला. खरं सांगते, सुंदर दिसत होतं. बायकांचे गज एका लयीत वरखाली जात होते, किबेल डोलत होते, कस्टम्सचा शिपाई तारांना न शिवता बोटं नाचवत होता. लुबेन झोपला होता पण पितळी वाद्यामागे दिसत नव्हता. पहिली रेकॉर्ड पार पडली. दुसरीही.

तिसऱ्या रेकॉर्डीआधी तेओदुलसाहेबांनी चष्मा काढून घाम पुसला, असं त्यांनी नंतर सांगितलं. आणि बिनचष्म्याने पुढची रेकॉर्ड लावली. आधी नुसती व्हायोलिनं वाजली, ठीक होतं. मग एक बाई गायला लागली.

मंचावर गाणारी बाई नव्हती. उंच, कोवळा, भरलेला आवाज कॅसिनोभर घुमत होता, आणि तोंड उघडलेलं एकाचंही नव्हतं. किबेलची छडी हवेत राहिली. व्हायोलिनवाल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. थ्रॉसल पांढरे पडले. बॅग्लींनी मान इकडून तिकडे फिरवली. "कोण गातंय?" त्यांनी मला विचारलं. "कुठे आहे ती?"

मी मंचावरची बावीस तोंडं एकेक करून बघायला लागले.

तेवढ्यात दुसऱ्या रांगेतून मिस पिलबीम उठल्या. काठी खुर्चीला टेकवली, टोपी नीट केली आणि तोंड उघडलं. ती रेकॉर्ड त्यांच्या त्या अकरांतली होती. श्वास कुठे घ्यायचा, सूर कुठे लांबवायचा, सगळं त्यांना पाठ. सत्तरीची बाई हळूहळू मंचाच्या पायऱ्या चढली आणि किबेलशेजारी उभी राहिली. हात पुढे, डोळे मिटलेले. किबेल एव्हाना सावरले होते. त्यांनी छडी अशी काही फिरवली की जणू बाईंना आत यायची खूण त्यांनीच केली होती. शेवटचा सूर इतका वर गेला की मलाच वाटलं बाईंना काही होणार. त्यांनी तो हनुवटी उंच करून धरला आणि रेकॉर्ड संपताच तोंड मिटलं. अगदी त्याच क्षणी.

चाळीस खुर्च्या मागे सरकल्या. लोक उभे राहून ओरडत होते. त्यातलं सोंग किती आणि खरं किती, कुणालाच सांगता आलं नसतं.

"मिस पिलबीम!" बॅग्ली ओरडले. "बोटीवर तर तुम्ही बोललाही नाहीत!"

"समुद्रावर आवाज बसतो," मिस पिलबीम म्हणाल्या आणि काठी घेऊन जागेवर बसल्या.

इथे थांबायला हवं होतं. पण टाळ्या बाईंना पडत होत्या, आणि किबेलच्या टोपाखाली काय चाललंय ते मला बटेच्या थरथरीवरून दिसत होतं. तीस वर्षं कॉर्नेट फुंकणाऱ्या माणसाला एका शिक्षिकेने नुसतं तोंड उघडून मागे टाकलं होतं. थ्रॉसल पुढची ओळ बोलायच्या आतच किबेल बँडकडे वळले आणि गरजले, "कूचगीत! आणि खरंखुरं!"

बारा जणांनी खरोखर फुंकलं. लुबेन दचकून जागा झाला आणि त्यानेही फुंकलं, पण अंत्ययात्रेचं. व्हायोलिनवाल्या बायकांनाही जोर चढला. त्यांच्यापैकी एकीनेही आयुष्यात व्हायोलिन वाजवलं नव्हतं. तो आवाज मी कसा सांगू? कारखान्याची सगळी पत्र्याची डबडी जिन्यावरून खाली सोडून दिल्यासारखा होता. आणि तो मायक्रोफोनमधून, मनोऱ्यावरून, खाडी ओलांडून थेट दक्षिण इंग्लंडच्या घराघरांत चालला होता.

चाळीस श्रोते शहाणे होते. त्यांनी खुर्च्या बाजूला केल्या आणि नाचायला लागले. बॅग्ली मात्र माझ्याकडे वाकले.

"हे आधीच्यापेक्षा जरा वेगळं वाटतंय."

"आधुनिक संगीत आहे, साहेब. पॅरिसमध्ये सध्या हेच चालतं."

"अच्छा," ते म्हणाले आणि वही काढून तेही लिहून घेतलं.

संध्याकाळच्या बोटीने सगळे गेले. बसमध्ये चढताना बॅग्लींनी मादाम ओझेनचा हात तिसऱ्यांदा हातात घेतला. मादाम त्यांच्या तोंडावर हसून फ्रेंचमध्ये काय म्हणाल्या ते मी भाषांतर केलं नाही. त्यांनी विचारलंही नाही.

पुढच्या आठवड्यात पत्रांची दोन पोती आली. पोर्ट्समथच्या एका गृहस्थांनी कळवलं होतं की साडेतीन वाजता त्यांचा रेडिओ बिघडला आणि त्यांनी तो खोलून पाहिला, आता तो सुरूच होत नाही. त्या पोत्यांतच बॅग्लींची दोन पत्रं होती. पहिल्यात त्यांना मिस पिलबीम दर महिन्याला गायला हव्या होत्या. ते पत्र आम्ही मिस पिलबीमनाच पाठवलं. त्यांनी बॅग्लींना परस्पर कळवलं की त्या एका दुपारी त्यांनी जन्मभराचं गाऊन घेतलंय, आता डॉक्टर नको म्हणतात. दुसऱ्या पत्राला मात्र उत्तर सुचत नव्हतं. जूनमध्ये लीड्सला कस्टर्डच्या कारखान्याचा पन्नासावा वाढदिवस होता, आणि माएस्त्रोंनी बावीस वादकांसह तिथे यावं, जाण्यायेण्याचा खर्च कंपनीचा.

"माएस्त्रोंना घालवायला हवं," थ्रॉसल म्हणाले.

"मारू नका हं," मी म्हटलं. "तीनशे बायका जीव देतील."

शेवटी अर्जेंटिना ठरलं. माएस्त्रोंना बुएनोस आयर्सच्या एका मोठ्या थिएटरने बोलावून घेतलंय, अशी चार वाक्यं थ्रॉसलनी लिहिली. पण क्रिकमारमध्ये भिंतींनाही कान आहेत, आणि ते सगळे किबेलच्या दुकानात केस कापतात. शनिवारी सकाळी थ्रॉसल मला सोबत घेऊन दाढीला गेले तर किबेलनी फेसाचा ब्रश तसाच हातात धरून ठेवला.

"पोरी, याला विचार. मला अर्जेंटिनाला धाडताना मला विचारलं का?"

मी विचारलं. थ्रॉसल म्हणाले, माफ करा.

"माफीचं सोड. मी जाणार असेन तर निरोप मी स्वतः घेणार. माझ्या श्रोत्यांचा निरोप हा परका माणूस घेणार? तेही चार वाक्यांत?"

त्यामुळे रविवारी तीनला किबेल माळ्यावर आले. लग्नातला काळा कोट घातला होता. टोपही होता. रेडिओवर दिसत नाही असं मी म्हटलं, तर म्हणाले, "मला दिसतं ना." मायक्रोफोनपुढे ते उभे राहिले आणि पहिल्यांदाच त्यांची छाती पुढे आली नाही. थ्रॉसलनी नाव सांगितलं. किबेल बोलायला लागले, एकेक वाक्य, आणि मी ते इंग्रजीत सांगत गेले.

ते म्हणाले, मी लहान गावातला माणूस आहे. तीस वर्षं वाजवतोय. राष्ट्रीय सणाला, आगीला आणि प्रेतांपुढे. या तिन्ही वेळांना लोकांचं लक्ष दुसरीकडे असतं. तुम्ही इस्त्री बाजूला ठेवून ऐकलंत, असं मला कुणीतरी वाचून दाखवलं. त्या बाईंना सांगा, मी त्यांचा आभारी आहे.

यात खोटं एकही वाक्य नव्हतं. मी प्रत्येक शब्द होता तसा सांगितला. थ्रॉसल खिडकीकडे तोंड करून उभे होते. मग किबेलनी कोटाच्या आतून कॉर्नेट काढलं आणि कुणाला न विचारता वाजवलं. कूचगीतच, पण अगदी हळू, एकट्याने. एकदा सूर फाटला. ते थांबले, ओठ पुसले आणि तिथूनच पुढे नेलं.

संपल्यावर मी टाळ्या वाजवल्या नाहीत. मला सुचलंच नाही. थ्रॉसलनी बॅग्ली कस्टर्डचं नाव घेतलं, चार वाजले, तेओदुलसाहेबांनी यंत्र बंद केलं.

आम्ही जिना उतरून खाली आलो तर जाळ्यांच्या कोठारात मादाम किबेल डोक्यावरचा रुमाल घट्ट करत उभ्या होत्या. शेजारच्या कॅफेत त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांचे डोळे लाल होते, पण त्यांनी नवऱ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं, हात लांब करून त्याच्या डोक्यावरचा टोप काढला आणि स्वतःच्या पिशवीत टाकला.

"अर्जेंटिनाला जायच्या आधी घरी चला," त्या म्हणाल्या. "रस्सा गार होतोय. आणि माझ्या बाबांचा टोप परत हात लावलात तर बघा."

किबेल त्यांच्यामागून निघाले. कोपऱ्यावर वळताना त्यांनी थ्रॉसलना हाक मारली आणि स्वतःच्या गालावर बोट फिरवून दाखवलं. उद्या सकाळी आठला या, दाढी राहिलीये.